पुसून पाठवलेली काच

बंगळूर,
१८ नोव्हेंबर १९७७

ती. ताईस,
इंद्रभानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. आबांनी विचारले आहे की पोरगा तिकडे नेमके करतो तरी काय, कारण कापसाच्या जिनातल्या मोतीराम मुकादमाने विचारले की त्यांना काही सांगता येत नाही. तर त्यांना सांग, मी झाडझूड करतो. हसू नकोस. आयटीआय करून, एवढ्या लांब येऊन झाडझूड करावी लागते म्हणून पहिल्या महिन्यात मलाच रडू येत होते. पण ही झाडझूड आकाशात जाणाऱ्या यंत्राची आहे. त्या यंत्राला एक कॅमेरा आहे, तो वरून जमिनीचे फोटो काढणार. एकदा वर गेल्यावर त्याची काच पुसायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून इथे जमिनीवर त्याच्या परीक्षा चालू आहेत तोवर त्याच्यावर काही बसू द्यायचे नाही, हे माझे काम.

आत जायचे तर आधी अंघोळ, मग पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडके, हातमोजे. उंबऱ्यावर चिकट पायपुसणे असते, ते बुटांची धूळ ओढून घेते. हवासुद्धा गाळून आत सोडतात. डोक्याला तेल लावायचे नाही, अंगाला पावडर नाही. आत कागद नेता येत नाही, कारण कागदाचे बारीक तंतू झडतात. उघड्या हाताने यंत्राला कोणीच शिवायचे नाही, मोठ्या साहेबांनीही नाही. मिशीचे केस गळतात म्हणून मी मिशी काढली. हे मात्र मायला वाचून दाखवू नकोस.

आमचा सगळ्यात मोठा वैरी कोण म्हणशील तर कापूस. कपड्यातून त्याचे तंतू येतात. आम्ही निळ्या दिव्याच्या उजेडात ते शोधत बसतो. काल मला एक सापडला, पापणीच्या केसाहून लहान. माझ्या वरच्या अधिकारी एक मद्रासी बाई आहेत, त्यांनी शाबासकी दिली. मी त्यांना सांगितले की या प्राण्याला मी जन्मापासून ओळखतो.

आबांच्या खोकल्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. कधी वाढतो, कधी कमी होतो, नीट कळव. मायला व आबांना जयभीम. तुझी माया आहे तेवढीच पुरे, फक्त तिची पत्रे जरा लांब येऊ देत.

तुझा,
इंद्रभान

•

मोताळा,
३ डिसेंबर १९७७

चि. इंद्रभान यास,
पंचफुलाचे अ. आ.

तुझं पत्र जिनाच्या चाळीत सगळ्यांसमोर वाचलं, आणि घोटाळा झाला. मिशीची ओळ वाचून झाल्यावर मग पुढची ओळ दिसली. माय तेव्हापासून रुसली आहे. बाप जिता असतांना पोट्ट्यानं मिशी काऊन काढली, असं दिवसातून चारदा म्हणते. आता तूच तिला काय ते लिही.

आबांना मात्र पत्र फार आवडलं. तिथे कोणालाच शिवू देत नाहीत हे ऐकून त्यांनी मला ते परत वाचायला लावलं. म्हणाले, बामनालेही शिवू देत नाहीत का? मी म्हटलं, लिहिलंय तर तसंच. तर म्हणाले, मंग बरी जागा हाय म्हना ते. आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली, पाणी पाजावं लागलं.

इकडे हंगाम भरात आहे. धामणगाव बढ्यापासून कापसाच्या गाड्या येतात आणि फाटकाबाहेर रांग लागते. तू एक तंतू सापडला म्हणून शाबासकी घेतोस, आमच्याकडे रुईशिवायचा घास सापडला तर मी तुला शाबासकी देईन. भाकरीवर रुई, पाण्यावर रुई. आबा संध्याकाळी रुईच्या खोलीतून येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात.

खोकल्याचं विचारलंस. बाजाराच्या दिवशी जीन बंद असतं, त्या दिवशी त्यांना बरं वाटतं, बाजारात फिरून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले की छाती आवळून येते, जणू कोणी दोरीने बांधलं. ते म्हणतात बाजारातली भजी बाधली. दर आठवड्याला भजी कशी बाधतील? दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लाल औषध दिलं आणि बिडी सोडायला सांगितलं. बिडी दिवाळीलाच सुटली. खोकला सुटला नाही. आता आडवं पडलं की दम लागतो, म्हणून सरकीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपतात. काम सोडा म्हटलं तर म्हणतात खोली जिनाची आहे, घरातलं कोणी कामावर असेल तोवरच ती आपली. ते खरंच आहे. तुझे दाजी गेल्यापासून मीही याच खोलीच्या आधाराने आहे, म्हणून मला फार बोलता येत नाही.

त्यांनी तुला एक विचारायला सांगितलं आहे. जी घाण डोळ्याला दिसतच नाही ती बसली हे तुम्हाला कळतं कसं?

मायचा राग पंधरा दिवसांत उतरेल. आमच्यावरचा तुझा जीव असाच राहो.

तुझी ताई,
पंचफुला

•

बंगळूर,
२२ डिसेंबर १९७७

ती. ताईस,
इंद्रभानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मायला सांग, मिशी परत वाढवीन, यंत्र एकदा वर जाऊ दे.

आबांचा प्रश्न मी आमच्या बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या की हा प्रश्न विचारायला लोकांना इथे सहा महिने लागतात. उत्तर असे आहे. यंत्राला एका मोठ्या लोखंडी टाकीत ठेवून आतली सगळी हवा काढून घेतात, मग ते तापवतात, गार करतात. वर आकाशात जसे असेल तसे. अशा वेळी तारेच्या वेष्टणातून, रंगातून, चिकटपट्टीतून वाफ निघते आणि कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसते. फोडणीची वाफ फडताळातल्या भांड्यांवर चिकट बसते ना, तसेच. म्हणून आम्ही कॅमेऱ्याशेजारी एक छोटी कोरी काच ठेवतो. कॅमेऱ्यावर जे बसेल ते तिच्यावरही बसते. नंतर तिला काढून तपासतात. आम्ही तिला साक्षीदार म्हणतो.

मागच्या आठवड्यात या साक्षीदारावर डाग निघाला. डोळ्याला दिसतही नव्हता. तरी सगळे काम थांबले. मोठमोठे साहेब धावत आले, दोन दिवस टाकी उघडी पडली होती, शेवटी कोणीतरी तारा बांधायला भलतीच चिकटपट्टी वापरली होती असे सापडले. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला एकदम आबांच्या भुवया आठवल्या. मला राग आला, ताई. कोणाचा आला ते सांगता येत नाही, पण फार आला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळते हे मी बाईंना सांगितले. त्यांनी वाचले आहे की कापसाच्या गिरण्यांतल्या लोकांना अगदी असेच होते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त. ते बिडीचे नाही, भज्यांचे तर नाहीच, ते रुईच्या धुळीचे आहे. खराब झालेली छाती परत चांगली होत नाही, पण माणूस वेळेवर धुळीतून बाहेर निघाला तर उरलेली तरी वाचते. आबांना उन्हाळ्यात हंगाम संपेपर्यंत तसेच ठेवून चालणार नाही.

बाईंचे मामा कारखान्यांच्या तपासणी खात्यात आहेत. ते म्हणतात, आम्ही जाणार हे कळले की जिनवाले आदल्या दिवशी झाडून घेतात आणि अर्धी यंत्रे बंद ठेवतात. हातात काहीतरी असल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. म्हणून सोबत एक काच पाठवतो आहे, डबीत. काठाला धरायची, काचेच्या मधल्या भागाला बोट लावायचे नाही. रुईच्या खोलीत आबांच्या तोंडाच्या उंचीवर, आडव्या लाकडावर एक दिवस ठेवायची, आणि डबीत घालून पाठवायची. बाई ती आमच्या यंत्राखाली बघून सहीनिशी लिहून देणार आहेत. मग खात्याला हवा खेचणारे पंखे बसवायला सांगता येईल. मी ती काच तीन वेळा पुसली आहे. ती स्वच्छ असणे फार महत्त्वाचे आहे, हे मायला नीट समजावून सांग.

तुम्हा सर्वांची आठवण काढत,
इंद्रभान

•

मोताळा,
१० जानेवारी १९७८

चि. इंद्रभान यास,
पंचफुलाचे अ. आ.

तुझी काच सुखरूप पोहोचली आणि तू सांगितलं ते काम झालं. आबांनी ती डोक्याच्या रुमालात ठेवून आत नेली. रुईच्या खोलीत लाकडावर ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे पाठ केली नाही म्हणे, कोणी धक्का मारेल म्हणून. मोतीराम मुकादमाने विचारलं, जानराव, हे काय आणलं? तर आबा म्हणाले, पोट्ट्याच्या हापिसातली काच हाय, हवा मोजते. मशीनवरच्या बायका जेवणाच्या सुटीत बघून गेल्या. शेजारची सोजराबाई तर हात जोडून आली, तिला काय वाटलं कोण जाणे.

संध्याकाळी आबांनी काच घरी आणली तेव्हा दुधावर साय धरावी तशी दिसत होती. मायने ती पाहिली आणि कपाळावर हात मारला. पोराच्या सायबाच्या हाती अशी मळकी काच देतात का, घरात बाईमानूस नाही का म्हनतील लोकं, असं तिचं सुरू झालं. तिने चुलीतली बारीक राख घेऊन काच घासली, मग चिंचेच्या पाण्याने धुतली, मग मी माझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने पुसली. तू स्वच्छतेचं इतकं बजावून लिहिलं होतंस म्हणून मी स्वतः दिव्यासमोर धरून पाहिली. आरशासारखी लखलखते आहे. तुझ्या बाईंना सांग, ही मोताळ्याच्या तानाबाईच्या हातची सफाई आहे.

वाटेत फुटू नये म्हणून नव्या पांढऱ्याशुभ्र रुईत गुंडाळली आहे. डबी मायने ठेवून घेतली, सुईदोऱ्याला बरी आहे म्हणाली. तुला चालेल ना?

आबा या दिवसांत खुशीत आहेत. दम आहेच, पण पंखे बसणार म्हणून चाळीत दोघा-तिघांना सांगून बसले आहेत. मायने मिशीचा विषय सोडला. असाच आठवणीत ठेव, जास्त काही मागणं नाही.

तुझी ताई,
पंचफुला

•

बंगळूर,
२० जानेवारी १९७८

ती. ताईस,
जयभीम.

हे काय करून बसलात ग तुम्ही!

मी पुडके उघडले आणि मला आधी कळेचना. मग तुझे पत्र वाचले. ताई, ती साय हवी होती. त्या साईसाठीच काच पाठवली होती. तीच दाखवायची होती, तीच मोजायची होती, तिच्यावरच बाई सही करणार होत्या. तुम्ही साक्षीदाराचे तोंड राखेने घासून धुतलेत आणि मग त्याला रुईत गुंडाळून पाठवलेत. ते पुडके मला इमारतीतसुद्धा नेता आले नाही.

तुझ्यावर ओरडून काही उपयोग नाही, चूक माझी आहे. काच कशी धरायची, कुठे ठेवायची, सगळे लिहिले. ठेवल्यानंतर पुसू नका, एवढेच लिहायचे राहिले. इथे ते कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून सुचलेच नाही. आणि स्वच्छ असणे महत्त्वाचे आहे असे मीच लिहिले होते, ते तुम्ही अक्षरशः पाळले. रागाच्या भरात मी वर काही वाकडे लिहिले असेल तर मायला ते वाचून दाखवू नकोस, आणि या वेळी तरी पुढची ओळ आधी बघ.

बाईंनी बाहेरच रुई झटकली आणि नुसती काच आत नेऊन यंत्राखाली धरली. म्हणाल्या, राख लावूनही ओरखडा नाही, इतकी चांगली पुसलेली काच मी इथेही क्वचित पाहिली आहे. कोणी पुसली? मी म्हणालो, माझ्या आईने. त्या हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मी तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि खूप रडलो.

दुसरी काच पाठवतो आहे. पुसायची नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही. जेवढी घाण असेल तेवढी घेऊन ती मला हवी आहे. मायला माझी शपथ घाल. आणि लवकर कर, कारण फेब्रुवारीत आमची मोठी परीक्षा सुरू होते, मग बाईंना आणि मला दुसरे काही बघता येणार नाही. आबांचा दम कसा आहे?

तुम्हा तिघांवर रागावता येत नाही, तरी रागावलेला,
इंद्रभान

•

मोताळा,
६ फेब्रुवारी १९७८

चि. इंद्रभान यास,
पंचफुलाचे अ. आ.

तुझं पत्र मायला पूर्ण वाचून दाखवलं. तिला समजलं. दोन दिवस कोणी हाक मारली तरी ती चुलीपुढून उठली नाही. मग म्हणाली, घाण पाठवा असं कोनी लिहीत असते का, मले कसं समजावं? मलाही तेच वाटतं. पण पुसायला मीही होते, म्हणून मला तिच्यापेक्षा जास्त लागलं आहे.

दुसरी काच ठेवली नाही. का ठेवली नाही ते सांगते, शांतपणे वाच.

पहिल्या काचेचा बोभाटा जिनाच्या मालकापर्यंत, शेठपर्यंत गेला. मोतीराम मुकादम आपल्याकडे येऊन चहा पिऊन गेला. शेठ रागावले नाहीत म्हणाला. पण खात्याचे लोक येऊन पंख्याबिंख्यांचा हुकूम करणार असतील, तर शेठ इथलं जीन बंद करून कापूस मलकापूरला नेतील, तिथे त्यांच्या भावाचं जीन आहेच. एवढं बोलून तो गेला. त्याने धमकी दिली असं मला म्हणता येणार नाही, चांगलाच बोलला. पण दुसऱ्या दिवशी चाळीतले लोक आले. सोजराबाई नातवाला कडेवर घेऊन आली. म्हणाली, जानरावभाऊ, तुमचा पोरगा बंगलोरले हाय, आमचं कोन हाय? तिचा नवराही आबांसारखाच खोकतो. तो दारातच उभा होता आणि मान खाली घालून खोकत होता.

आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. सकाळी मला डबी परत दिली. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, इंद्रभान तिकडे जिवाचं रान करतो आणि तुम्ही लोकांच्या तोंडाकडे बघता. तेव्हा ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. म्हणाले, ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी काच ठेवतात, बाई. इथं कोनाले दिसत नाही? शेठले दिसते, मुकादमाले दिसते, तो तपासनीवाला झाडलेल्या जिनात येते त्यालेही दिसते. मी काच ठेवून कोनाले दाखवू? तुला याचं उत्तर येत असेल तर लिही.

काच सोबत पाठवते. तिला कोणी हात लावला नाही.

आबांच्या ओठांवर निळसर झाक येते आता. रुईचा भारा उचलला की खाली बसतात, मग उठतात. सुटी मिळत असेल तर एकदा येऊन जा. मी असं उगाच लिहीत नाही हे तुला माहीत आहे. लोभ तर आहेच, आता तुझं येणं हवं आहे.

तुझी ताई,
पंचफुला

•

बंगळूर,
१७ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस,
इंद्रभानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही.

परवापासून मोठी परीक्षा सुरू होते. कॅमेरा टाकीत जाणार, आणि टाकी बंद झाल्यापासून उघडेपर्यंत आमच्या पाळ्या ठरल्या आहेत. सुटी मागितली. बाईंनी माझ्यासाठी वर जाऊन मागितली. माझी नोकरी अजून तात्पुरती आहे, आत्ता गेलो तर परत घेतील याची खात्री नाही, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. परीक्षा नीट झाली तर कायम करण्याचे बोलणे आहे. कायम झालो की घर मिळेल. आत्ता आम्ही तिघे जण एका खोलीत राहतो आणि मालक बायामाणसे ठेवू देत नाही.

म्हणून एवढे करा. आबांनी उद्यापासून कामावर जायचे नाही. खोलीचे काय व्हायचे ते होऊ द्या, मुकादमाला सांगा महिनाभर थांब. टाकी उघडली की मी निघतो आणि तुम्हा तिघांना घेऊन येतो. तोपर्यंत तोंडाला ओले फडके बांधा. त्याने फारसे काही थांबत नाही हे मला या कामामुळे चांगलेच माहीत आहे, तरी बांधा. काही वाटले तर ऑफिसच्या पत्त्यावर तार कर.

आबांना सांग, इंद्रभानने हट्ट धरला आहे. त्यांनी माझे हट्ट पुरवले आहेत आजपर्यंत. हाही पुरवावा.

तुमचाच,
इंद्रभान

•

बंगळूर,
२१ मार्च १९७८

ती. ताईस,
इंद्रभानचा सप्रेम जयभीम.

मी परवा इथे पोहोचलो. तिथे असताना तू मला एकदाही विचारले नाहीस की तार मिळूनही आबांच्या मातीला का आला नाहीस. मायनेही विचारले नाही. लोक विचारत होते आणि तूच त्यांना गाडी चुकली म्हणून सांगत होतीस. मला तोंडाने सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

तार सकाळीच आली होती. मी आत टाकीवर होतो. कागद आत नेत नाहीत हे मी तुला पहिल्याच पत्रात गमतीने लिहिले होते. दारावरच्या माणसाने तार बाहेरच्या खिडकीत ठेवली, पाळी संपली की देऊ म्हणून. त्याला काय माहीत आत काय लिहिले आहे. त्याच्यावर माझा राग नाही. मीही त्याच्या जागी तेच केले असते, कारण मीच नव्या लोकांना तो नियम शिकवतो. पाळी संपत आली तेव्हा टाकी उघडली, साक्षीदार काच काढून तपासली, आणि तिच्यावर काही निघाले नाही. कॅमेरा कोरा करकरीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझा हात हातात घेतला. मी हसत हसत बाहेर आलो, झगा काढला, आणि मग त्याने तार दिली. तोवर त्या दिवशीची गाडी गेली होती.

आबा गेले तेव्हा मी एका कॅमेऱ्याला धूळ लागू नये म्हणून उभा होतो. हे मी कोणालाही सांगितले तर ते म्हणतील, नोकरी आहे, काय करणार. तू मात्र तसे म्हणू नकोस.

आता दुसरे. आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोतीराम मुकादम तुला बाजूला घेऊन बोलला, ते मी ओट्यावरून ऐकले. घरातले कोणी कामावर येणार असेल तर खोली राहील, नाहीतर चैत्रात रिकामी करावी लागेल. तू मान हलवलीस. ताई, तू जिनात जाऊ नकोस. मी हात जोडतो. माझा कायमचा कागद अजून आला नाही, यंत्र वर जाण्याची तारीख पुढे गेली म्हणून सगळेच अडले आहे. पण मी दुसरी खोली बघतो आहे, मिळेल. मायला घेऊन इकडे ये. काहीच झाले नाही तर धामणगावला मावशीकडे महिनाभर राहा. पण त्या छपराखाली जाऊ नकोस. तुला ठाऊक आहे आता ते काय आहे. आबांना ठाऊक व्हायला तरी उशीर झाला होता.

लगेच उत्तर दे. बाकी काही लिहिले नाहीस तरी चालेल, एवढ्याचे दे.

तुझा,
इंद्रभान

•

मोताळा,
७ एप्रिल १९७८

चि. इंद्रभान यास,
पंचफुलाचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आधीच मी कामाला लागले होते. म्हणून उत्तराला उशीर केला.

तारेचं मी कोणाला सांगितलं नाही, मायलाही नाही. तू आत होतास हे ऐकून मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. नंतर तो गेला. आबांनी शेवटच्या दिवशी तुझी आठवण काढली, पण तक्रार केली नाही. यंत्र टाकीतून निघालं का, एवढंच विचारत होते. त्यांना ते मोठं कुतूहल होतं. तू आलास आणि त्याचं काही बोललाच नाहीस, तेव्हा मी समजले की निघालं असेल.

मावशीच्या घरात तिची सून बाळंतीण आहे, तिथे दोन माणसं कुठे घुसवायची? आणि तुझा कायमचा कागद येईपर्यंत आम्ही येऊन तुझ्या गळ्यात पडलो तर तुझी आहे ती नोकरीही जाईल. तू खोली बघतो आहेस हे मला माहीत आहे. मिळाली की कळव, आम्ही येऊ. पण तोवर कुठेतरी राहावं लागतं, इंद्रभान. माय या खोलीतून उठायला तयार नाही. आबा ज्या पोत्याला टेकून बसायचे ते तिने हलवू दिलं नाही.

शेठने माझ्यावर उपकार केले असं सगळे म्हणतात. मला रुईच्या खोलीत घातलं नाही, बायकांबरोबर मशीनवर कापूस लावायला ठेवलं. छप्पर एकच आहे. हंगाम संपत आला, आता थोडेच दिवस काम राहील, मग दिवाळीपर्यंत सुटका. फडकं बांधते, ओलं करून. सोजराबाई माझ्याच शेजारी असते. तिचा नवरा आता कामावर येत नाही. मला काम जमतं, जड नाही. तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तुला त्यातलं सगळं कळतं, म्हणून ते लिहीत नाही.

मायचं सांगते आणि पुरं करते. संध्याकाळी मी कामावरून आले की ती मला आत येऊ देत नाही. दारातच उभं करते. आधी डोकं झटकते, मग खांदे, मग लुगड्याची एकेक घडी सोडून पदराने झटकते, भुवयांवरची रुई बोटाने वेचून काढते, आणि सगळं झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. चाळीतल्या बायका बघत उभ्या राहतात. तिला त्याचं काही वाटत नाही. इंद्रभानच्या तिकडे असंच करतात, असं त्यांना सांगते. मला पुरतं झटकून झालं की तिथेच उंबऱ्यावर बसून रडते. आबांना एवढ्या वर्षांत एकदाही झटकलं नाही म्हणून रडते. मी तिला म्हणत नाही की माय, ते अंगावरचं नसतं. रोज झटकून घेते.

तुझ्या कायमच्या कागदाची वाट आम्ही दोघी बघतो आहोत. जीव लावून पत्र लिहीत जा, आमचा तुझ्यावर आहेच.

तुझी ताई,
पंचफुला